गाणं कुणाच्या वाट्याला आलं?

प्रश्न असा आहे: "आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळात 'वेस्ट साइड स्टोरी'वर काम करायचं चाललंय. १९६१चा सिनेमा पाहिला, २०२१चाही पाहिला. विषय वंशभेदाचा, आणि पडद्यावर टोळीतली पोरं चुटक्या वाजवत नाचतात, हे काही पचत नाही. गाण्यांमुळे विषयाची धार जात नाही का? ती मूळ नाटकातच नव्हती, की सिनेमाने घालवली? आणि मराठीत करायचं तर वंशाच्या जागी जात ठेवली तर चालेल का?"

मी गेली सव्वीस वर्षं नाटकांचं संगीत करते. त्यातली निम्मी तालमीत पेटीवर बसण्यात गेली. त्यामुळे मी याचं उत्तर तालमीच्या खोलीतून देईन. तुम्ही सामाजिक विषय आणि गाणी अशा दोन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेत. संगीत नाटकात त्या वेगळ्या नसतात. तिथे ज्या पात्राला गाणं मिळतं त्याचं मन प्रेक्षकाला दिसतं, आणि ज्याला मिळत नाही तो कितीही वेळ रंगमंचावर उभा असला तरी बाहेरचाच राहतो. म्हणून नाटक भेदभावाबद्दल काय बोलतं हे बघण्याआधी गाण्यांची वाटणी कशी झाली आहे ते बघा. वहीत दोन रकाने आखा, एक जेट्सचा, एक शार्क्सचा, आणि मोजा.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. न्यूयॉर्कच्या पश्चिम भागातली एक गरीब वस्ती. पोलिश, आयरिश, इटालियन घरांतली गोरी पोरं म्हणजे जेट्स. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्यांची पोरं म्हणजे शार्क्स. जेट्समधून बाहेर पडलेला टोनी आणि शार्क्सच्या म्होरक्याची, बर्नार्डोची, बहीण मारिया एकमेकांच्या प्रेमात पडतात. मारामारीत बर्नार्डोच्या हातून जेट्सचा म्होरक्या रिफ मरतो, टोनीच्या हातून बर्नार्डो, आणि शेवटी टोनीला गोळी लागते. नाटक २६ सप्टेंबर १९५७ला ब्रॉडवेवर विंटर गार्डन थिएटरात उघडलं. संगीत लेनर्ड बर्नस्टाइनचं, गीतं स्टीव्हन सोंडहाइमची, संहिता आर्थर लॉरेन्ट्सची, दिग्दर्शन आणि नृत्यरचना जेरोम रॉबिन्सची. पहिला सिनेमा १९६१चा, रॉबर्ट वाइज आणि रॉबिन्स या दोघांच्या नावावर. त्याला १० ऑस्कर मिळाली. दुसरा स्टीव्हन स्पिलबर्गचा, २०२१चा, पटकथा टोनी कुशनरची.

आता रकाने भरू. १९५७च्या नाटकात जेट्सच्या बाजूला टोळीचं गाणं आहे, डोकं थंड ठेवायला सांगणारं 'कूल' आहे, पोलिसाची टर उडवणारं 'ऑफिसर क्रप्की' आहे. शिवाय टोनीची दोन एकट्याची गाणी आहेत. शार्क्सच्या बायकांना 'अमेरिका' आहे, मारियाचं 'आय फील प्रिटी' आहे, बर्नार्डोची प्रेयसी अनिता आणि मारिया यांचं भांडणाचं गाणं आहे. आणि शार्क्सच्या पुरुषांना? मारामारीच्या आधी सगळेच मिळून गातात तेवढं सोडलं तर काही नाही. बर्नार्डो नाचतो, चाकू काढतो, मरतो. त्याचं स्वतःचं असं गाणं नाही.

यात 'क्रप्की'कडे नीट पाहा. जेट्समधली पोरं एकेक करून न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेविका होतात आणि आपण वाया का गेलो याची कारणं एकमेकांवर टोलवतात. बाप दारुडा, आई तशीच, घर असं, समाज तसा. गाणं विनोदी आहे, पण त्याने एक मोठं काम होतं. गोऱ्या पोरांच्या गुंडगिरीला कारणं मिळतात, आणि कारणं मिळाली की माणूस समजून घेता येतो. शार्क्सच्या पोरांना असं कारणांचं गाणं नाही. ते तसे का, हे विचारायला नाटक त्यांच्याकडे जातच नाही. म्हणजे धार सिनेमाने घालवली असं नाही; मूळ नाटकातच ती एका बाजूने कमी होती. हे नाटक माझ्या अतिशय जिव्हाळ्याचं आहे, तरी हे सांगायला हवं.

याचाच एक छोटा आणि फार सुंदर पुरावा १९६१च्या सिनेमात आहे. वस्तीतल्या डॉक नावाच्या दुकानदाराकडे दोन्ही टोळ्या मारामारीच्या अटी ठरवत असताना श्रँक नावाचा पोलीस अधिकारी येतो. शार्क्सना तो बाहेर व्हायला सांगतो. तुम्हाला इथून घालवायचा मला हक्क नाही हे मला माहीत आहे, पण बिल्ला माझ्याकडे आहे, तुमच्याकडे काय आहे, अशा अर्थाचं तो बोलतो. शार्क्स उठतात आणि रांगेने बाहेर पडतात. जाताना शिटीवर अमेरिकेचं एक देशभक्तीपर गीत वाजवतात, 'माय कंट्री, टिज ऑफ दी'. ब्रिटिश राष्ट्रगीताचीच चाल. शब्द नाहीत, नुसती शिटी. प्वेर्तो रिकोचे लोक १९१७पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, हे माहीत असेल तर त्या शिटीचा अर्थ लागतो. हा देश कागदावर त्यांचाही आहे. ज्यांना स्वतःचं गाणं दिलेलं नाही ते दुसऱ्याच्या गाण्याची चाल उचलून उत्तर देतात. दहा-बारा सेकंदांचा प्रसंग, पण माझ्या मते त्या सिनेमातला सगळ्यात बोचरा.

आता 'अमेरिका'बद्दल. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या एका गाण्यात आहे, म्हणून इथे जरा वेळ घेते.

आधी ताल धरा. सहा मात्रा घ्या, आपल्या दादऱ्यासारख्या तीन-तीन: एक दोन तीन, एक दोन तीन. लगेच पुढच्या सहा मात्रा दोन-दोनच्या तीन गटांत: एक दोन, एक दोन, एक दोन. लय तीच, फक्त वजनं सरकतात. पाश्चात्त्य लिपीत एक आवर्तन सहा-आठचं आणि एक तीन-चारचं, असं आलटून पालटून. पहिल्या सहा मात्रांत वाक्य धावतं, त्यातच 'अमेरिका'चा 'अ' येऊन जातो, आणि 'मे', 'रि', 'का' ही तीन अक्षरं दोन-दोन मात्रांच्या तीन ठोक्यांवर पाय आपटत येतात. देशाचं नाव असं दणक्यात पडतं. तालमीला बसाल तेव्हा चाल शिकायच्या आधी दहा मिनिटं नुसत्या टाळ्या वाजवा. माझ्या एका शिबिरात मुलं चाल बरोबर गात होती आणि गाणं निर्जीव होतं. सगळे दुसऱ्या सहा मात्रासुद्धा दादऱ्यातच गात होते. टाळी बसली आणि गाण्यात भांडण आलं.

भांडण कुणाचं, हा पुढचा मुद्दा. १९५७च्या नाटकात हे गाणं फक्त बायकांचं आहे. रोसालिया नावाच्या मुलीला प्वेर्तो रिकोच्या राजधानीची, सान हुआनची, आठवण येते, ती परत जायची स्वप्नं रंगवते, आणि अनिता प्रत्येक ओळीवर तिला टोमणा मारते. मी तिकडे ब्यूक गाडी फिरवीन. फिरव की, रस्ता असला तर. टीव्ही नेईन. वीज असली तर. सुरुवातीलाच अनिता आपल्या बेटाला कुरूप म्हणते, रोगराईचं बेट म्हणते. म्हणजे प्रेक्षक हसतात ते प्वेर्तो रिकोला. टोमणा मारणारी तिथलीच आहे, शब्द मात्र तिथल्या नसलेल्या माणसाने लिहिलेत. हे तेव्हाही खुपलं होतं; नाटक उघडायच्या आधीच त्या ओळीवर आक्षेप आला होता. पुढे सिनेमात अनिता झालेल्या रीटा मोरेनोने अनेकदा सांगितलं आहे की आपल्या बेटाबद्दल हे शब्द तोंडातून काढायचे या विचाराने ती भूमिका सोडायच्या बेतात होती.

सिनेमाने दोन बदल केले. ती ओळ काढली. आणि रोसालियाला बाजूला करून अनितासमोर बर्नार्डोला आणि शार्क्सच्या पोरांना उभं केलं. रात्रीची गच्ची, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. चाल तीच, ताल तोच. आता बायका अमेरिकेचं कौतुक करतात आणि पुरुष त्याला उत्तर देतात. मी गच्चीवालं घर घेईन म्हटलं की उत्तर येतं, आधी बोलण्यातला हेल घालव. इथे हवं ते होता येतं म्हटलं की उत्तर येतं, हो, हॉटेलात वाढपी आणि रस्त्यावर बूटपॉलिशवाला. इथे आयुष्य छान आहे म्हटलं की उत्तर येतं, तुम्ही गोरे असाल तर.

या शेवटच्या ओळीत इंग्रजीतला 'व्हाइट' हा शब्द चौथ्या मात्रेवर येतो. दादऱ्यात आपण जिथे खाली दाखवतो, तिथे. पण या तालात ती जागा भरीव आहे, वजनाची आहे. आधीच्या ओळीत त्याच मात्रेवर 'राइट' होतं, छान या अर्थाचं. म्हणजे बायकांनी जो शब्द ठेवला त्याच जागेवर पुरुष 'गोरा' हा शब्द आणून ठेवतात, यमकही साधतं, आणि लगेच देशाचं नाव तीन ठोक्यांत पडतं. भाषणाला जे पाच मिनिटांत जमलं नसतं ते इथे बारा मात्रांत होतं. गाण्याने धार जाते का, या तुमच्या प्रश्नाला माझं हे उत्तर आहे: इथे धार गाण्यानेच आली. नाटकात ज्या चालीवर लोक बेटाला हसत होते त्याच चालीवर सिनेमात अमेरिकेला जाब विचारला गेला. शार्क्सच्या पुरुषांचा रकाना सिनेमाने पहिल्यांदा भरला.

पण त्याच सिनेमाने दुसऱ्या हाताने काय केलं तेही बघा. शार्क्सच्या नटांना एकाच गडद रंगाचा मेकअप फासला. बर्नार्डो झालेला जॉर्ज चाकिरिस ग्रीक वंशाचा, मारिया झालेली नॅटली वुड रशियन स्थलांतरितांची मुलगी. मोरेनो स्वतः प्वेर्तो रिकोत जन्मलेली, तरी तिच्याही चेहऱ्यावर तोच थर. आमच्यात गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे रंग असतात, मग सगळे एकाच रंगाचे का, असं तिने विचारलं होतं. उपयोग झाला नाही. भेदभावाविरुद्धचं गाणं आणि भेदभावाचा मेकअप, दोन्ही एकाच चौकटीत आहेत. वर मारियाची गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात. म्हणजे पडद्यावरच्या प्वेर्तो रिकन मुलीचा चेहरा एका बाहेरच्या बाईचा आणि आवाज दुसऱ्या बाहेरच्या बाईचा.

संगीताच्या माणसाला यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. 'अमेरिका'चा तो सुंदर ताल मुळात प्वेर्तो रिकोचा नाही. स्वरलिपीत त्यावर 'हुआपांगो' असा उल्लेख आहे, आणि हुआपांगो हा मेक्सिकोचा नाच-गाण्याचा प्रकार. टोनी-मारिया पहिल्यांदा भेटतात त्या जिममधल्या नाचातला माम्बो क्यूबाचा. बर्नस्टाइन थोर होता, त्याच्या इतका ताल-सुरांवर हुकूम असणारे कमी झाले. पण मेक्सिको, क्यूबा, प्वेर्तो रिको हे सगळं त्याने एकाच 'लॅटिन' पेटीतून काढलं. मेकअपवाल्याने चेहऱ्यावर केलं तेच हे कानावर. उद्या कुणी मराठी माणूस दाखवायला भांगडा वाजवला तर आपल्याला जसं वाटेल, तसं.

याच्या बरोबर उलट, अगदी सूक्ष्म पातळीवर, त्याने जे केलं आहे ते मात्र तालमीत मुलांना दाखवल्याशिवाय मी राहत नाही. टोनीचं 'मारिया' पेटीवर वाजवा: सा, तीव्र मध्यम, पंचम. तीन अक्षरं, तीन स्वर. आपल्या कानाला यमन-कल्याणामुळे तीव्र मध्यम ओळखीचा आहे, म्हणून आपल्याला हे नुसतं गोड लागतं. पाश्चात्त्य कानाला सा-तीव्र मध्यम हे अंतर अस्थिर लागतं, कुठेतरी जाऊन टेकावंसं वाटतं. 'मारिया'त ते पंचमावर टेकतं. सुरुवातीच्या टोळ्यांच्या नाचात आणि 'कूल'मध्ये तेच अंतर सतत डिवचत राहतं. म्हणजे द्वेषाला वेगळे स्वर आणि प्रेमाला वेगळे असं नाही. दोन्ही एकाच अंतरातून निघतात, फरक फक्त टेकायला जागा मिळते की नाही याचा. शेवटी टोनीला उचलून नेतात तेव्हा स्वच्छ मेजर कॉर्डच्या खाली खर्जात तो तीव्र मध्यम पुन्हा येतो. आवाज मोठा करून ऐका.

आता २०२१. स्पिलबर्गच्या सिनेमात मला सगळंच आवडलं असं नाही, टोनी मला फिका वाटला. पण गाण्यांच्या वाटणीत त्याने जे काम केलं ते फार विचाराचं आहे.

पहिलं म्हणजे जागा. ही वस्ती खरी होती. न्यूयॉर्कमधला सान हुआन हिल आणि लिंकन स्क्वेअर हा भाग 'झोपडपट्टी हटाव' म्हणून पाडला गेला आणि तिथे लिंकन सेंटर हे कलांचं मोठं केंद्र उभं राहिलं. १९५९ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या हस्ते त्याची कुदळ पडली. हजारो कुटुंबं उठली. १९६१च्या सिनेमाच्या सुरुवातीचा नाच पाडायला काढलेल्या याच भागातल्या रस्त्यावर चित्रित झाला, पण त्या सिनेमात या पाडापाडीबद्दल अवाक्षर नाही. २०२१चा सिनेमा विटामातीच्या ढिगाऱ्यावरूनच सुरू होतो. त्यातला श्रँक जेट्सना तोंडावर सांगतो की बाकीचे गोरे वर चढून निघून गेले, तुम्ही मागे राहिलेले, आणि उद्या इथे श्रीमंतांच्या इमारती आल्या की दारवान तुम्हालाही हाकलेल. दोन्ही टोळ्या ज्या जमिनीवरून रक्त सांडताहेत ती दोघांचीही राहणार नाही. द्वेष कुठून येतो याचं कारण इथे पहिल्यांदा दिसतं, आणि ते एका संवादात आणि मागच्या भिंतींच्या पडझडीत सांगितलंय.

एक खंत उरतेच. सान हुआन हिल ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती, थेलोनिअस मंक हा जॅझचा महान पियानोवादक तिथेच राहायचा. या गोष्टीत ती माणसं जवळजवळ नाहीतच. १९५७च्या प्रयोगात 'समव्हेअर' हे गाणं रेरी ग्रिस्ट या कृष्णवर्णी गायिकेने गायलं, पण आडून. रंगमंचावर बाकीचे नाचायचे. 'कुठेतरी आपल्यासाठी जागा असेल' असं म्हणणारा आवाज होता, माणूस समोर नव्हता. हे मला कळलं तेव्हापासून ते गाणं मी पूर्वीसारखं ऐकू शकलेले नाही.

दुसरं, शार्क्सना मिळालेलं गाणं. २०२१मध्ये सुरुवातीच्या मारामारीनंतर पोलीस हटकतात तेव्हा बर्नार्डो आणि त्याची पोरं जाताना 'ला बोरिंकेन्या' गातात. हे प्वेर्तो रिकोचं गीत, आणि तेही बंडाच्या शब्दांचं जुनं रूप. १९६१च्या शिटीच्या शेजारी हे ठेवून पाहा. साठ वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या देशगीताची शिटी, आता स्वतःचं गीत, स्वतःच्या भाषेत, पूर्ण गळ्याने.

तिसरं, भाषा. या सिनेमात स्पॅनिश संवादांना इंग्रजी उपशीर्षकं नाहीत, आणि ते जाणूनबुजून केलेलं आहे. स्पॅनिश ही तळटीप लावून समजावायची भाषा होऊ नये, ती इंग्रजीच्या बरोबरीने बोलली जावी, ही स्पिलबर्गची भूमिका. आमच्या गटाने सिनेमा एकत्र पाहिला तेव्हा दोन-तीन जणांची चिडचिड झाली, आम्हाला कळत नाही म्हणून. मी त्यांना म्हटलं, ती चिडचिड जपून ठेवा, भूमिकेला उपयोगी पडेल. कानावर पडणारी भाषा कळत नाही तेव्हा माणूस किती लवकर समोरच्याबद्दल संशय घेतो, हे त्या दिवशी आम्ही आमच्यातच पाहिलं.

याच भाषेच्या धाग्यावर अनिताची सगळी गोष्ट ओवलेली आहे. घरात ती बर्नार्डोला सारखी इंग्रजीत बोलायला सांगते. 'अमेरिका' गाणं आता भर दिवसा रस्त्यावर येतं, ती पिवळ्या झग्यात सगळ्या वस्तीला नाचवत नेते, आणि तिचा या देशावरचा विश्वास तुम्हाला पटतो. मग बर्नार्डो मरतो. त्या दुःखातही मारियाच्या शब्दाखातर ती टोनीला निरोप द्यायला दुकानात जाते. तिथे जेट्सची पोरं तिला घेरतात, तिच्यावर तुटून पडतात. ती सुटते, आणि स्पॅनिशमध्ये सांगते की मी अमेरिकन नाही, मी प्वेर्तो रिकन आहे. आणि खोटं सांगून जाते की मारियाला चिनोने, शार्क्सच्या बाजूच्या पोराने, मारलं. त्या खोट्याने टोनी मरतो.

हा प्रसंग तिन्ही रूपांत आहे, आणि नाटकाचा कणा हाच आहे. एक बाई खरा निरोप घेऊन आली होती. तो ऐकून घ्यायला समोरच्यांनी तिला माणूस मानायला हवं होतं. त्यांनी मानलं नाही, आणि तो खरा निरोप तिथेच मेला. म्हणजे भेदभाव इथे चर्चेचा विषय नाही, कथानकाचं चाक त्यावर फिरतं. तुम्ही प्रयोग करणार असाल तर या प्रसंगाला सगळ्यात जास्त तालमी द्या. आणि आधी त्यातल्या मुलीशी आणि मुलांशी नीट बोला, कुठे हात लागेल, कुठे थांबायचं, हे पाऊल-पाऊल ठरवा. एका हौशी प्रयोगाच्या तालमीत 'उत्स्फूर्त होऊ द्या' म्हणून हे न ठरवता केलं गेलं. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. मी तिथे पेटीवर बसले होते आणि बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथं, 'समव्हेअर'. १९६१मध्ये ते टोनी आणि मारियाचं युगुलगीत आहे. २०२१मध्ये दुकानाचा मालक डॉक हयात नाही. दुकान त्याची प्वेर्तो रिकन विधवा व्हॅलेंटिना चालवते, आणि ती भूमिका रीटा मोरेनोची आहे, साठ वर्षांपूर्वीच्या अनिताची. गाणं तिला दिलंय. तिचा आवाज थकलेला आहे, वरचे स्वर ती जपून घेते, आणि 'जागा असेल' या शब्दांमागे एका बाईचं सबंध आयुष्य उभं राहतं. तरुण जोडप्याच्या तोंडी ते स्वप्न होतं, इथे ती न फिटलेली मागणी आहे. मोरेनोला १९६१च्या अनितासाठी ऑस्कर मिळालं होतं, २०२१च्या अनितासाठी एरियाना डिबोसला मिळालं.

नाटकाचा सिनेमा होताना गाणी जागा बदलतात, तेही तपासा. मूळ नाटकात दोन खून झाल्यावर 'क्रप्की' येतं. १९६१ने ते आधी आणलं आणि 'कूल' खुनांनंतर नेलं, प्रेतं पडल्यावर थट्टा नको म्हणून. 'आय फील प्रिटी' नाटकात खुनांनंतर आहे, मारियाला अजून कळलेलं नसताना. १९६१ने तेही आधी घेतलं. २०२१ने ते पुन्हा खुनांनंतर ठेवलं आणि वर मारियाला एका मोठ्या दुकानात रात्री साफसफाई करणाऱ्या बायकांत नेलं. महागडे कपडे घातलेल्या दुकानातल्या पुतळ्यांमध्ये साफसफाई करता करता ती 'मी किती सुंदर' गाते. गाणं गोडच आहे, पण ती कुठे उभी आहे तेही दिसतं.

या गोष्टीचं रूप आपल्याकडेही आलं. २०००चा मन्सूर खानचा 'जोश' गोव्यातल्या वास्कोत घडतो, दोन टोळ्या, एकाची बहीण आणि दुसऱ्याचा भाऊ. तो करमणुकीचा सिनेमा आहे आणि त्या मापाने चांगला आहे. पण पोलिसाचा बिल्ला, बोलण्यातला हेल, भाड्याने न मिळणारं घर हे सगळं वगळल्यावर उरतं ते गल्लीचं वैर. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी हे आठवा.

तर, जात ठेवली तर चालेल का? मूळ नाटकात शब्द बदलून, जात घालून प्रयोग करता येणार नाही. त्याचे प्रयोगहक्क म्युझिक थिएटर इंटरनॅशनलकडे आहेत, परवाना घ्यावा लागतो आणि बदलाला परवानगी लागते. नवं नाटक लिहिणार असाल तर जरूर लिहा, पण नुसती नावं बदलून होणार नाही. वंशभेदाची आणि जातीची यंत्रणा एक नाही. आपल्याकडे रंग बघावा लागत नाही, आडनाव पुरतं, गावातलं घर कुठल्या बाजूला आहे ते पुरतं. मग हेलाच्या ओळीच्या जागी आपल्याकडे काय येईल, हे शोधायला लागेल.

आणि रकाने तेव्हाही आखा. दलित बाजूच्या पात्रांना फक्त दुःखाची गाणी आणि दुसऱ्या बाजूला विनोद, प्रेम, कारणं, असं होऊ देऊ नका. आपल्याकडे आंबेडकरी जलशांची परंपरा आहे, भीमराव कर्डकांपासूनची, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची. त्यात चढाओढ आहे, कोपरखळ्या आहेत, सवाल-जवाब आहे, बाबासाहेबांबद्दलचं प्रेम आहे. बर्नस्टाइनने एका 'लॅटिन' पेटीतून काढलं तसं तुम्ही एका 'लोकसंगीत' पेटीतून काढू नका. ती गाणी ज्यांच्या घरात गायली जातात त्यांना संगीताच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून बसवा, प्रयोगाच्या आदल्या रात्री दाखवायला बोलावू नका.

कोणता सिनेमा आधी बघायचा ते विचारलं नाहीत, तरी सांगते: परत बघाल तेव्हा अख्खा बघू नका. १९५७च्या मूळ नटसंचाच्या ध्वनिमुद्रणातलं 'अमेरिका' ऐका, मग १९६१ची गच्ची, मग २०२१चा रस्ता. तिन्हींचे शब्द कागदावर शेजारी-शेजारी लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी टिपा: कोण गातंय आणि कुणाला उद्देशून. मग टाळी धरा, तीन-तीन आणि दोन-दोन-दोन, आणि तीच चाल आधी फक्त मुलींकडून गाऊन घ्या, नंतर दोन गट समोरासमोर उभे करून.